म्यानात राहिलेली पाती : हाताने घडवलेले अकरा चाकू आणि एक पावसाळा

दादरला समुद्रापासून दहा मिनिटांच्या चालीवर असलेला फ्लॅट १२ जूनला बंद झाला आणि १४ ऑक्टोबरला उघडला. बेडरूममध्ये पश्चिमेच्या, म्हणजे पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीला चिकटून लाकडी कपाट आहे. त्यात अकरा चाकू होते. सगळे कारागिरांनी एकेक करून हाताने घडवलेले, काही भारतातले, काही अमेरिकेहून मागवलेले. जाण्यापूर्वी मालकाने प्रत्येक पात्यावर मशीन ऑईलचा हात फिरवला होता, पाती ज्याच्या त्याच्या म्यानात घातली होती आणि कपाट नीट लावून घेतलं होतं. म्हणजे निष्काळजीपणा अजिबात नव्हता. तरीही पाच चाकूंना गंज चढला, एका मुठीवर बुरशी आली आणि नंतर उपायाच्या घाईत आणखी एका मुठीला बारीक तडा गेला.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचं कारण असं की तेल लावून म्यानात ठेवणं ही संग्रह करणाऱ्यांमध्ये सर्रास चालणारी पद्धत आहे आणि किनारपट्टीवर तीच पद्धत पाती खाते.

अकरापैकी सात चाकू कातडी म्यानात होते, तीन घडीचे चाकू फोमचं अस्तर असलेल्या चेनच्या पाऊचमध्ये आणि स्वयंपाकघरातली एक मोठी सुरी सुती कापडात गुंडाळलेली. सगळ्यात वाईट अवस्था झाली ती ओ-१ पोलादाच्या शिकारी चाकूची: १०० मिमी पातं, हाताने घासून आणलेली सॅटिन झिलई, मूठ आणि पातं यांच्यामध्ये आडवा पितळी गार्ड. त्याखालोखाल १०८४ आणि १५एन२० या दोन पोलादांच्या थरांचा दमास्कस. मग आरशासारखी पॉलिश असलेला डी-२चा चाकू, ईएन-३१ची ती सुरी, आणि घडीच्या तिघांपैकी एक. सीपीएम-१५४चे दोन चाकू तसल्याच म्यानात, त्याच खणात होते, आणि त्यांच्या पात्यांवर एक ठिपका नव्हता. त्यांच्या म्यानांची पितळी बटणं मात्र हिरवी पडली होती.

एकाच खणातल्या चाकूंमध्ये एवढा फरक का, हे पोलादाच्या घटकांवरून कळतं. ओ-१मध्ये कार्बन ०.९ टक्के आणि क्रोमियम जेमतेम अर्धा टक्का. १०८४मध्ये क्रोमियम नसल्यातच जमा. ईएन-३१ म्हणजे बेअरिंगचं पोलाद, १ टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. ही तिन्ही गंजणारच. सीपीएम-१५४मध्ये १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के मॉलिब्डेनम, म्हणून ते तरलं. फसवतं ते डी-२. कागदावर त्यात १२ टक्के क्रोमियम आहे, पण कार्बनही दीड टक्का आहे, आणि तो कार्बन क्रोमियमचा मोठा वाटा कार्बाइडच्या कणांमध्ये बांधून ठेवतो. पृष्ठभागाचं रक्षण करायला मोकळं क्रोमियम उरतं ते निम्म्याच्या आसपास. त्यामुळे डी-२ला स्टेनलेस समजून ठेवणाऱ्याची निराशा ठरलेली.

आता तेलाबद्दल. चामडं तेल पितं. पात्यावरचा पातळ थर म्यानाच्या आतल्या खरबरीत बाजूने काही दिवसांतच शोषून घेतला, आणि त्या बदल्यात पात्याला मिळाला ओलावा. वनस्पतींच्या सालींनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, क्रोमने कमावलेल्यात क्षार आणि आम्लाचे अवशेष राहतात. दोन्ही प्रकारचं चामडं किंचित आम्लधर्मी असतं. हवेतली आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि खाऱ्या हवेतले क्लोराइड असतील तर तो उंबरठा आणखी खाली येतो. कपाट उघडलं तेव्हा आत ठेवलेल्या हायग्रोमीटरने ८४ टक्के दाखवले, खोलीत ७८. ऑक्टोबरच्या मध्यावर हे आकडे असतील तर जुलै कसा गेला असेल याची कल्पना करता येते.

हायग्रोमीटरवर आधी विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, ओल्या वाळूइतपत भिजेल एवढंच पाणी घालायचं, झाकण आणि हायग्रोमीटर दोन्ही घट्ट बंद पिशवीत आठ तास ठेवायचे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. इथला स्वस्तातला मीटर ६९ दाखवत होता, म्हणजे सहा अंकांनी मागे. म्हणजे कपाटातली खरी आर्द्रता ९०च्या घरात होती.

ओ-१च्या पात्यावर गंज सगळीकडे सारखा नव्हता. धारेलगत बारीक लाल पूड, पाठीकडे थोडी कमी, आणि डाव्या बाजूला गार्डपासून साधारण १२ मिमीवर बोटाच्या टोकाएवढा गोल डाग, वर जाड पापडी. तेल मुरवून बांबूच्या काडीने ती पापडी उचलली तेव्हा तिच्या तळाशी पिवळसर लाल चिकट पूड निघाली. आदल्या वर्षीच्या खंडेनवमीचं हळदकुंकू. शस्त्रपूजेला पात्याला बोट लावलं होतं, पूजेनंतर पातं वरवर पुसून म्यानात गेलं, आणि जे चिकटून राहिलं त्याने ओल धरून ठेवली. अशा साचलेल्या थराखाली हवा कमी पोचते, आजूबाजूला जास्त, आणि या फरकामुळेच थराखालचं पोलाद आधी खाल्लं जातं. सबंध संग्रहातला सगळ्यात खोल खड्डा या टिळ्याखाली होता: ०.१ मिमी.

कामाचा क्रम महत्त्वाचा होता. काहीही पुसण्याआधी प्रत्येक चाकूचे तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंनी फोटो घेतले. तिरपा उजेड अशासाठी की सरळ फ्लॅशमध्ये खड्डे दिसतच नाहीत. मग पात्याला क्रमांक, म्यानाला तोच क्रमांक, सुती दोऱ्याने. म्यान वेगळं ठेवायचं असलं तरी ते फेकायचं नाही आणि अदलाबदल होऊ द्यायची नाही. कारागिराने त्याच पात्यासाठी शिवलेलं म्यान हा त्या चाकूचा भाग आहे.

ओ-१ला पातळ तेल लावून रात्रभर आडवं ठेवलं. सकाळी बांबूची काडी आणि कापूस, एकाच दिशेने, मुठीकडून टोकाकडे, आणि कापूस प्रत्येक वेळी नवा. सुटलेली गंजाची पूड स्वतःच घासकागदासारखी काम करते, मागेपुढे घासलं की झिलईवर आडवे ओरखडे उठतात. काडीला दाद न देणारा गंज तांब्याच्या पट्टीच्या कडेने खरवडला. पात्याची कठिणता ५९-६० रॉकवेल, तांबं त्यापुढे लोण्यासारखं. पोलादावर ओरखडा येत नाही, तांब्याचा रंग लागला तर पुसता येतो. ०००० नंबरची स्टील वूल पुष्कळ जण सुचवतात. आरशासारख्या पॉलिशवर ती धुकं पाडते आणि सॅटिनच्या रेषा बोथट करते, म्हणून ती इथे वापरलीच नाही. गंज निघाल्यावर पातं डिस्टिल्ड वॉटरने पुसलं, लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग हेअर ड्रायरच्या कोमट हवेने कोरडं केलं. मूठ या सगळ्यापासून कापडात गुंडाळून दूर ठेवली होती. अॅसिटोन जवळ आणलं नाही. मुठीवरची फिनिश ते सहज उतरवतं.

पितळी गार्डवरचा मेणचट हिरवा थर म्हणजे चामड्यातल्या स्निग्धाम्लांनी पितळेतल्या तांब्याशी केलेलं साबण. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट कळकतं, त्यातलाच हा प्रकार. दातकोरण्याने आणि मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसाने तो निघाला. घरात हात आपोआप चिंचेकडे, लिंबाकडे किंवा पितळ घासायच्या पावडरीकडे जातो. इथे ते मुळीच करू नये. आम्ल गार्ड आणि टँग, म्हणजे पात्याचा मुठीत शिरलेला भाग, यांमधल्या फटीत शिरतं, तिथून धुऊन निघत नाही, आणि टँग आतून गंजत राहते. बाहेरून गार्ड झळाळत असतो आणि दोन वर्षांनी मूठ हलायला लागते.

यानंतर उरले काळे खड्डे, आणि मोठा प्रश्न तोच होता. ते घासून काढायचे का? मालकाची इच्छा होती, आणि ती समजण्यासारखी आहे. पण हिशोब असा. खड्डा ०.१ मिमी खोल. तो घालवायचा तर तेवढाच भाग घासून चालत नाही, तिथे खळगा दिसतो. सबंध बाजू ०.१ मिमीने खाली आणावी लागते. दुसरी बाजूही तेवढीच घ्यावी लागते, नाही तर पातं एका अंगाला जातं. या पात्याची धारेच्या लगेच मागची जाडी ०.५ मिमी होती. दोन्हीकडून घेतल्यावर उरते ०.३. म्हणजे जिथे बळ लागतं तिथलं ४० टक्के पोलाद गेलं. शिवाय कारागिराची खूण विजेच्या साहाय्याने उथळ कोरलेली होती आणि ती याच डाव्या बाजूला, डागापासून काही मिलिमीटरवर. ती पुसट झाली असती किंवा गेलीच असती. आणि ज्या रेषेवर मुठीजवळचा जाड भाग संपून उतार सुरू होतो ती प्लंज लाईन, जी दोन्ही बाजूंना तंतोतंत समोरासमोर आणण्यात कारागिराचं कसब दिसतं, ती दुसऱ्याच्या हाताने घासल्यावर गोलसर होते.

म्हणून खड्डे ठेवले. घडवणाऱ्याला फोटो पाठवून विचारलं, त्याचंही मत हेच पडलं. आमच्या मते संग्रहातल्या चाकूच्या बाबतीत हा निर्णय जवळजवळ नेहमी असाच असावा: चालू गंज थांबवायचा, झालेली जखम नोंदवायची आणि मूळ हाताची झिलई जपायची. जाणकार खरेदीदार तीन खड्डे आणि मूळ फिनिश असलेला चाकू घेतो. कुणीतरी पुन्हा घासून चकाचक केलेला चाकू हातात घेऊन तो परत ठेवतो, कारण त्यात आता दोन माणसांचं काम मिसळलंय. फारच सलत असेल तर ते काम मूळ कारागिरानेच करावं, आणि तसं नोंदीत लिहावं.

दमास्कसला तर हात लावतानाच धीर धरावा लागतो. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवल्यावर १०८४चे थर जास्त खाल्ले जाऊन काळे पडतात, १५एन२०मध्ये २ टक्के निकेल असल्यामुळे ते उंच आणि चंदेरी राहतात. नक्षी दिसते ती या फरकामुळे. काळेपणा हा पृष्ठभागावरचा ऑक्साइड आहे, तो कुठल्याही पॉलिशने उडतो. नारिंगी ठिपके अपेक्षेप्रमाणे फक्त काळ्या थरांमध्ये होते. तेल २४ तास, मग कापसाच्या बड्सनी टिपणं, घासणं नाही. नऊपैकी सहा ठिपके गेले, तीन राहिले आणि तसेच ठेवले. त्यातला एक १९व्या दिवशी पुन्हा नारिंगी झाला. असं झालं की आत क्लोराइड उरलाय असं समजायचं. डिस्टिल्ड वॉटर, अल्कोहोल, ऊब हा क्रम पुन्हा एकदा, आणि नंतर तो शांत राहिला. कुठल्याही गंजलेल्या पात्याला साफसफाईनंतर मेण लावण्याआधी दोन-तीन दिवस उघडं ठेवून पाहावं, ते यासाठी.

डी-२च्या चकचकीत बाजूवर होता एक अंगठा. अक्षरशः ठसा: रेषा, वळणं, मधला भोवरा, सगळं तपकिरी रंगात कोरलेलं. घामातलं मीठ पात्यावर राहिलं आणि वरून मारलेल्या तेलाने ते झाकलं, धुतलं नाही. तेल लावण्याआधी पातं अल्कोहोलने पुसलं असतं तर हा ठसा उमटला नसता. एक मायक्रॉनच्या डायमंड पेस्टने, गुळगुळीत चामड्याच्या तुकड्यावर, ठसा फिका झाला. तिरप्या उजेडात अजून दिसतो.

घडीच्या चाकूचं पातं स्वच्छ होतं, पण उघडताना अडकत होतं. टी-८ आणि टी-६ बिट्सनी खोलल्यावर पिव्होटच्या, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळ्याच्या, बेअरिंगमधले दीड मिलिमीटरचे पोलादी छर्रे गंजलेले सापडले. टायटॅनियमच्या बाजूंना काहीच झालं नव्हतं. स्क्रू घट्ट असेल तर बळ लावू नये. निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावलेला गोंद, असतं, सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा मिनिट स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं की ते सैल पडतं. छर्रे बदलले, एक थेंब तेल. पाऊचचा फोम मात्र दोषी ठरला: ओल धरतो आणि जुना झाला की भुगा होऊन चिकटतो.

ईएन-३१च्या सुरीचं काम सगळ्यात सोपं. ती वापरातली आहे, वापराने तिच्यावर राखाडी-निळा थर आलेला आहे, जसा विळीच्या पात्यावर कैरी आणि कच्ची केळी चिरून येतो. तो थर हवाच असतो. फक्त मुठीजवळ लाल गंज होता, तो काढला आणि खाण्यायोग्य मिनरल ऑईल लावलं. कोकणात कोयत्याला खोबरेल लावतात, रोज चालणाऱ्या कोयत्याला ते पुरतं. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या पात्यावर ते खवट होतं, आणि तीळ किंवा मोहरीचं तेल चिकट होऊन बसतं.

सांबराच्या शिंगाची मूठ असलेल्या चाकूचं पातं वाचलं, मुठीवर आणि म्यानावर पांढरी बुरशी होती. ती बाल्कनीत नेऊन मऊ ब्रशने झाडली, म्यान अल्कोहोलने पुसून दोन आठवडे सावलीत ठेवलं. उन्हात चामडं आखडतं आणि पुन्हा पातं नीट बसत नाही. शिंगाच्या वस्तूंचा व्यवहार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे या चाकूची मूळ पावती नोंदवहीत लावली आणि तो विक्रीच्या यादीतून कायमचा काढला. नोंदवहीत प्रत्येक पात्याची लांबी-रुंदीही लिहिली आहे. शस्त्र नियमांतली मर्यादा ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदी अशी आहे, घरगुती, शेतीच्या वगैरे कामासाठी बनवलेली हत्यारं वगळून. २४० मिमीची ती सुरी ९ इंचांहून लांब भरते, पण ती स्वयंपाकाची आहे. तसं कागदावर असलेलं बरं.

आता साठवणीकडे, जिथे दुसरी चूक झाली. सिलिकॉनची गॅस्केट असलेली २० लिटरची प्लास्टिकची पेटी घेतली, आणि तिच्यात ४०० ग्रॅम सिलिका जेल घातली. प्रमाण बरोबर होतं. घनमीटरला २० किलो हा संग्रहालयांतला रूढ हिशोब. पण जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून कोरडी ठणठणीत केलेली होती. तिसऱ्या दिवशी पेटीत २२ टक्के. नवव्या दिवशी शिसवी मुठीच्या चाकूवर नख फिरवलं तर टँगची कड लागत होती: लाकूड आत सरकलं होतं, आणि एका पिनेपासून केसासारखा तडा निघाला होता. ८५ टक्के आर्द्रतेला लाकडात १८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ३० टक्क्यांना सहा. चार महिने फुगलेलं लाकूड आठवड्यात आकसलं, पोलाद आणि पिना जागच्या हलल्या नाहीत, आणि लाकूड फाटलं. रेझिन मुरवलेल्या मेपलच्या मुठीला किंवा मायकार्टाला, म्हणजे रेझिनमध्ये दाबून घट्ट केलेल्या कापडाच्या मुठीला, याचं काही वाटलं नाही.

योग्य रीत अशी. कोरडी जेल ताटात पसरून किचनच्या काट्यावर अधूनमधून वजन करायचं. १०० ग्रॅमचे १२० ते १२५ ग्रॅम झाले की ती ४५ टक्क्यांच्या आसपास समतोल राखते: हवा दमट झाली तर पाणी घेते, कोरडी झाली तर सोडते. ४०० ग्रॅमचे ४९० झाल्यावर ती कापडी पिशवीत भरून पेटीत ठेवली. आकडा ४७वर स्थिरावला. शिसवी मूठ पाच आठवड्यांत बऱ्यापैकी पूर्वपदावर आली, तडा मात्र राहिला.

पात्यांना मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन पातळ हात, मध्ये अर्ध्या तासाचं अंतर, आणि आम्लरहित टिश्यूची गुंडाळी. जेलऐवजी गंज रोखणारी वाफ सोडणारा व्हीसीआय कागदही चालतो, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग ज्यात बांधतात तो. पण पितळ असेल तर सर्व धातूंना चालणारा प्रकार मागून घ्यावा, आणि एका पेटीत जेल किंवा कागद, एकच. चाकू वाढले तर फोटोग्राफर लेन्ससाठी वापरतात ते विजेवरचं ड्राय कॅबिनेट ४५वर लावून ठेवणं सगळ्यात कमी कटकटीचं. म्यानं वेगळ्या, हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांत, आतल्या भिंतीच्या कपाटात.

पुढच्या जुलैत खोलीत ८६ असताना पेटीत ४८ होते. ओ-१चे खड्डे फोटोशी ताडून पाहिले, वाढले नव्हते. खंडेनवमीला पाती पाटावर स्वच्छ कापडावर मांडली, आणि हळदकुंकू वाहिलं ते शेजारी ठेवलेल्या म्यानांना. संध्याकाळी पाती अल्कोहोलने पुसून, मेणाचा एक हात देऊन पुन्हा पेटीत गेली.